कलम १७

परळ, तिसरा मजला. रक्तपेढीमागचा जिना चढून
डावीकडे कपाटांची खोली, तिथे माझं टेबल.
फोनवर आधी शून्य दाबायचं, मग शहर लागतं.

दोनशे बारा माणसं. प्रत्येकाची पाच वर्षं
मी सत्तावीस प्रश्नांत विचारून घेते.
डोळे पिवळे वाटतात का. पायावर सूज.
गोळी चुकली का, चुकली तर किती वेळा. झोप.
टाकसाळीतून निवृत्त झालेले कर्णिक
गोळ्यांचा हिशेब नाण्यांसारखा देतात, एकही खोटी नाही.
अँटॉप हिलच्या झुबेदाआपा विचारतात, लोणचं कधीपासून?
एका नंबरावर आता कुर्ल्याचं गॅरेज आहे.
एक जण मला वसुलीवाली समजून
स्वतःच सांगतो, तो मेला.
(मी तसं लिहीत नाही. आवाज ओळखते मी.)

सिधये मॅडम या सगळ्यांची मिळून एक रेघ काढतात.
सगळे असतात तिथून ती निघते
आणि जिन्यासारखी उतरत जाते.
पायरी म्हणजे कुणीतरी.
ज्यांचं पुढचं ठाऊक नाही त्यांना पायरी नाही,
रेघेवर नुसती उभी बारीक खूण,
लग्नाच्या यादीत, सांगून झालं की करतात तशी.

क्रमांक एक्केचाळीस. पदाजी वैती, ट्रॉम्बे कोळीवाडा.
शस्त्रक्रियेच्या वेळी वय एकोणचाळीस. दाता : बहीण.

फोन बहिणीनंच उचलला.
दादूस नाय, म्हणाली. दोन वर्सा झाली.
मानखुर्दच्या वळणावर, पहाटे, बर्फाचा टेम्पो.
मी म्हणाले ते, जे म्हणतात.
मग जरा थांबले, थांबायचंही आम्हाला शिकवलंय,
आणि कलम सतरा विचारलं.

छापलेलं असं : मृत्यूसमयी कलम कार्यरत होते काय?
होय. नाही. माहीत नाही.
आंब्यावर बांधतात ते कलम, की कोर्टात लावतात ते?
मी सोपं करू गेले : म्हणजे तो तुकडा, ताई,
तुम्ही दिलेला, तो शेवटपर्यंत

तिकडे मिक्सर चालू होता. बंद झाला.
थांब बाय, कागद हाय.
पत्र्याची पेटी. भाचीला हाक.
पोरगी वाचू लागली शवविच्छेदनाचा अहवाल
शाळेत धडा वाचतात तशी, ठणठणीत :
मेंदू. फुप्फुसं. बरगड्या, डाव्या, चार.
तिला कुणी थांबवलं नाही, मीही नाही.
लिव्हर, नॉर्मल.

परत वाच, बहीण म्हणाली.

लिव्हर, नॉर्मल.

म्हंजे माजा चालू व्हता ना?

हो, मी म्हणाले. चालू होतं.
किती वेळ दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही
ते कॉलच्या नोंदीत दिसेल.

नंतर तिनं विचारलं, ह्या कुठं छापनार?
एका मासिकात. परदेशातल्या.
दादूसचा नाव?
नाव नसतं, ताई.
बरा, म्हणाली. आणि जाता जाता,
मी न विचारता, की टोपली उचलताना
तिथं अजून ओढतं, उजव्या अंगाला.

दात्याचे प्रश्न पहिल्या वर्षी संपतात.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : टोपली.

संध्याकाळी मॅडमनी नोंद भरली.
आलेख दोन आहेत : एक माणसांचा, एक कलमांचा.
माणसांच्या रेघेला अकराशे बाराव्या दिवशी
एक पायरी पडली. इतरांपेक्षा उंच नाही, ठेंगणी नाही.
दुसऱ्या रेघेला काहीच झालं नाही.
ती त्या दिवसापाशी आली, सपाट, आणि तशीच पुढे गेली,
वर एक उभी बारीक खूण घेऊन.

मॅडम म्हणाल्या, चष्मा पुसत, हं, पुढचा.
शून्य दाबलं.